निकरबॉकर क्लब नेमका उभा कसा राहिला? १८४५ च्या वहीत काय सापडतं

प्रश्न असा आहे: अलेक्झांडर कार्टराइट यांनी १८४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर बेसबॉल क्लब काढला आणि आजच्या बेसबॉलचे नियम लिहिले, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. काही पुस्तकांत मात्र अ‍ॅबनर डबलडे या अमेरिकन सेनाधिकाऱ्याचं नाव येतं. मग खरं काय? हा पहिला क्लब होता का, आणि तो सुरू कसा झाला?

आधी थेट उत्तर देतो. क्लबची रीतसर स्थापना २३ सप्टेंबर १८४५ ला झाली, हे पक्कं आहे. कार्टराइट संस्थापकांपैकी एक होते, हेही पक्कं. पण बेसबॉलचा शोध त्यांनी लावला नाही आणि निकरबॉकर हा पहिला बेसबॉल क्लबही नव्हता. दोन बेसमध्ये (पळताना गाठायच्या खुणांमध्ये) ९० फूट, प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू आणि नऊ डाव या तीन गोष्टींचं श्रेय त्यांना दिलं जातं. यातली एकही गोष्ट १८४५ च्या नियमांत नाही. डबलडे यांनी तर हा खेळ शोधला, असं दाखवणारा समकालीन कागद एकही नाही.

तरीही निकरबॉकर क्लब महत्त्वाचा आहे. या मंडळींनी वही ठेवली. नियम, वर्गणी, दंड, कोण कोणत्या बाजूने खेळलं, किती धावा झाल्या, सगळं लिहून ठेवलं आणि सदतीस वर्षं क्लब चालवला. पंचांना नियम शिकवताना मी सुरुवात याच वहीपासून करतो. एखादा नियम का आहे हे कळलं, की तो पाठ करावा लागत नाही, आणि बेसबॉलच्या बऱ्याच नियमांचं ‘का’ या क्लबच्या जन्मात आहे.

खेळ त्याआधी होताच. चेंडू मारायचा आणि एका खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे पळायचं, असे खेळ इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मुलं खेळत होती, आणि ‘बेसबॉल’ हे नावही तिथे छापलेलं सापडतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये एक ठराव केला: नव्या सभागृहापासून ८० यार्डांच्या आत बेसबॉलसकट कोणताही चेंडूचा खेळ खेळायचा नाही. कारण खिडक्यांच्या काचा. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात १८२३ मध्ये ब्रॉडवेजवळ तरुण मंडळी बेसबॉल खेळतात, अशी बातमी आली होती. फिलाडेल्फियाच्या ऑलिंपिक बॉल क्लबने १८३८ मध्ये आपली घटना छापून घेतली होती. ते खेळत तो प्रकार ‘टाउन बॉल’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे १८४५ पर्यंत खेळ जुना झाला होता, नावही जुनं होतं आणि क्लब ही कल्पनाही नवी नव्हती.

मग नवं काय होतं? न्यूयॉर्क शहर. १८४० मध्ये तिथली लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती, दहा वर्षांनी ती पाच लाखांच्या पुढे गेली. पेढ्या, बँका, विमा कंपन्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर दिवसभर खुर्चीत बसून लिहिणारा एक नवा वर्ग आला. डॉ. डॅनियल अ‍ॅडम्स हे क्लबचे आरंभीचे सभासद. त्यांनी १८९६ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, दिलेली एक मुलाखत उपलब्ध आहे. ते सांगतात की आमच्यात व्यापारी होते, वकील होते, युनियन बँकेतले आणि विमा कंपन्यांतले कारकून होते, आणि दुपारी तीननंतर ज्यांना मोकळीक असे अशी इतर मंडळी होती. क्लबच्या उगमाबद्दल मला सगळ्यात मोलाची वाटणारी माहिती हीच आहे. विजेच्या दिव्यांआधीच्या काळात तीनला सुटका होणं म्हणजे उजेडाचे दोन-तीन तास हाती असणं. गोदीतल्या मजुराला किंवा कारागिराला ते मिळत नसत. कोणाला क्लब काढता आला आणि कोणाला नाही, हे तिथेच ठरलं.

१८४२-४३ च्या सुमारास ही मंडळी मॅनहॅटनमध्ये सत्ताविसाव्या रस्त्याजवळच्या मोकळ्या जागेत जमायची. तिथे इमारती येऊ लागल्या तशी ती मरे हिलकडे सरकली. शहर मागोमाग तिथेही आलं. १८६६ मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार १८४५ च्या वसंतात कार्टराइट यांनी मैदानावरच सुचवलं की आपण आता रीतसर संघटना करू. कार्टराइट तेव्हा पंचविशीतले, बँकेत कारकुनी केलेले आणि हौशी अग्निशामक दलात काम करणारे गृहस्थ होते. पुढे भावाबरोबर त्यांनी पुस्तकांचं आणि कागद-शाईचं दुकानही चालवलं. माणसं जमवणं त्यांना जमत असावं, आणि त्यांचं श्रेय मी तिथे पूर्ण देतो. अनौपचारिक टोळक्याला “चला, यादी करू, वर्गणी ठरवू” असं म्हणणारा कोणीतरी लागतोच. तो नसेल तर टोळकं दोन हंगामांत पांगतं.

मॅनहॅटनमध्ये जागा उरली नाही म्हणून ते हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या होबोकेनला गेले. तिथे ‘एलिसियन फील्ड्स’ नावाचं झाडीने वेढलेलं मोठं मैदान होतं. ते स्टीव्हन्स कुटुंबाचं होतं आणि नदीवरची फेरीबोटही त्याच कुटुंबाची. शहरातले लोक हवा खायला मैदानावर आले की बोटीला उतारू मिळत. क्लबला मैदान आणि कपडे बदलायच्या खोल्या वर्षाला ७५ डॉलर भाड्याने मिळाल्या. आता भाडं आलं, की वर्गणी आली. वर्गणी आली, की खजिनदार, हिशेब आणि सभासदांची यादी आली. प्रवेश फी २ डॉलर आणि वार्षिक वर्गणी ५ डॉलर ठरली. डंकन करी अध्यक्ष झाले, विल्यम व्हीटन उपाध्यक्ष, आणि विल्यम टकर यांच्याकडे चिटणीस व खजिनदार अशी दोन्ही कामं आली. नियम लिहिण्याची समिती म्हणजे व्हीटन आणि टकर. त्या कागदावर कार्टराइट यांचं नाव नाही. नियमावली छापील रूपात आली १८४८ मध्ये, तेव्हाही समितीची नावं हीच दोन.

व्हीटन यांच्याजवळ थोडं थांबायला हवं, कारण ‘पहिला क्लब’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. ते वकील होते आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. १८८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात एका वृद्ध गृहस्थाची आठवण छापून आली. नाव दिलेलं नव्हतं, पण तपशिलांवरून ते व्हीटनच, हे संशोधकांनी ओळखलं. ते म्हणतात की १८३७ मध्ये आम्ही गॉथम नावाचा क्लब काढला, क्रिकेटमध्ये पुरेसा व्यायाम होईना म्हणून मुलांच्या खेळात फेरफार केले, आणि पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायची पद्धत सर्वांत आधी बंद केली. नियम कागदावर उतरवायचं काम त्यांच्याकडेच आलं. पुढे सभासद फार वाढले, काहींना ती गर्दी रुचेना, म्हणून ते बाहेर पडले आणि त्यांनी निकरबॉकर काढला.

पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण जपूनच वापरावी लागते. गॉथमची १८३७ ची नियमावली आज उपलब्ध नाही. पण मला व्हीटन विश्वासार्ह वाटतात, कारण १८४५ च्या कागदांशी त्यांचं म्हणणं जुळतं. निकरबॉकरच्या स्थापनेला महिना होतो न होतो तोच, ऑक्टोबर १८४५ मध्ये, न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन अशा संघांमध्ये सामने झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात आहेत. निकरबॉकर एकटाच असता तर हे संघ कुठून आले असते? म्हणजे हा क्लब एका जुन्या क्लबातून फुटून निघाला. आपल्याकडच्या क्रीडामंडळांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता नियम. एकूण वीस. पहिलाच नियम आहे की सभासदांनी ठरलेल्या वेळी हजर राहावं. अध्यक्षाने पंच नेमायचा आणि पंचाने खेळाची नोंद वहीत ठेवायची, हा दुसरा. दोन कर्णधारांनी सभासद वाटून घ्यायचे. सभासद कमी पडले तर बाहेरचे सज्जन घ्यायचे. खेळाशी थेट संबंध नसलेली अशी अर्धा डझन कलमं आहेत आणि बरेच लोक ती ओलांडून पुढे जातात. मला तीच फार बोलकी वाटतात. यांच्यासमोरचा पहिला प्रश्न चेंडू कसा टाकायचा हा नव्हता. माणसं वेळेवर येतील कशी, हा होता.

खेळाच्या कलमांत तेरावं कलम मला सर्वांत मोठं वाटतं. पळणाऱ्याच्या आधी चेंडू बेसवरच्या खेळाडूच्या हातात असेल, किंवा चेंडू हातात धरून त्याला स्पर्श केला, तर तो बाद. पण कोणत्याही परिस्थितीत चेंडू त्याच्या अंगावर फेकायचा नाही. लगोरीत चेंडू पाठीत बसला की बाद, हे आपण सगळे खेळलो आहोत. जुना बेसबॉल तसाच होता. अंगावर मारायचं असेल तर चेंडू मऊच ठेवावा लागतो, मऊ चेंडू लांब जात नाही, आणि मग मैदान लहान राहतं. अंगावर फेकणं बंद झालं की चेंडू कठीण करता येतो. चेंडू कठीण झाला की तो लांब जातो, वेगाने फेकता येतो, आणि बेसवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूला खरं काम मिळतं. मोठ्या माणसांचा खेळ या एका कलमाने शक्य केला. आज ‘फोर्स आउट’ (चेंडू आधी बेसवर पोहोचून बाद) आणि ‘टॅग आउट’ (चेंडूने स्पर्श करून बाद) शिकवताना मी हे कलम वाचून दाखवतो.

दहाव्या कलमात पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू फाऊल, म्हणजे खेळाबाहेरचा, ठरवला. क्रिकेटमध्ये फलंदाज चौफेर मारू शकतो. इथे मैदानाचा एक चतुर्थांश कोनच खेळाचा राहिला, आणि त्यामुळे प्रेक्षकांना रेषेजवळ उभं राहता येऊ लागलं. तीन बाद झाले की बाजू बदलायची, हे पंधरावं कलम. जुन्या प्रकारांत कुठे एक बाद झाला की डाव संपे, कुठे सगळे बाद होईपर्यंत चाले. तीन बादमुळे तीननंतर सुटणाऱ्या मंडळींना अंधार पडायच्या आत दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा खेळायला मिळू लागलं.

काय नव्हतं तेही पाहा. डावांची संख्या नव्हती. जी बाजू आधी २१ धावा करेल ती जिंकली, फक्त दोघांना सारखे डाव मिळायला हवेत. खेळाडूंची संख्याही ठरलेली नव्हती. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, तो हाताखालून द्यायचा. एक टप्पा पडून झेलला तरी बॅटर बाद. आणि अंतर? होमपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या बेसपासून, दुसऱ्या बेसपर्यंत ४२ पावलं, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत ४२ पावलं, एवढंच लिहिलं आहे. पाऊल तीन फुटांचं धरलं तर चार बेसच्या चौरसाचा कर्ण १२६ फूट आणि बाजू सुमारे ८९ फूट, म्हणजे जवळजवळ आजचीच. अडीच फुटांचं धरलं तर बाजू जेमतेम ७४ फूट. यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझा कल दुसऱ्या हिशेबाकडे आहे, कारण सात-आठ जणांच्या बाजूंना आणि हलक्या चेंडूला ९० फूट झेपले नसते. पण पावलाने मोजलेलं अंतर मोजणाऱ्यावर अवलंबून राहतं, हेच खरं.

वहीतली पहिली नोंद ६ ऑक्टोबर १८४५ ची आहे. सभासदांतच दोन बाजू पाडल्या होत्या आणि पंच होते व्हीटन. नंतरची प्रसिद्ध नोंद १९ जून १८४६ ची: होबोकेनला ‘न्यूयॉर्क नाइन’ संघाशी सामना, चार डाव, आणि निकरबॉकर २३ विरुद्ध १ असा हरला. वहीत डेव्हिस नावाच्या एका खेळाडूला शिवी दिल्याबद्दल सहा सेंट दंड लिहिलेला आहे. हा ‘पहिला सामना’ म्हणून गाजला आहे, पण वर सांगितलेले ऑक्टोबर १८४५ चे सामने त्याच्या आधीचे. नियम लिहिणारा क्लब इतका वाईट कसा हरला, असं लोक विचारतात. समोरच्या संघात जुने, मुरलेले खेळाडू होते, आणि निकरबॉकरचा मुळात सामने जिंकणं हा हेतूच नव्हता. दुसऱ्या क्लबशी त्यांची पुढची नोंदलेली लढत थेट १८५१ मध्ये आहे, वॉशिंग्टन क्लबशी. मधली वर्षं ते आपसात खेळत राहिले, जेवणावळी करत राहिले, आणि १८४९ मध्ये त्यांनी गणवेश ठरवला: निळी लोकरीची विजार, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती टोपी.

या मधल्या वर्षांत क्लब मरू शकला असता. कार्टराइट १ मार्च १८४९ ला सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघाले, त्याच वर्षी हवाईला पोहोचले आणि तिथेच १८९२ मध्ये वारले. व्हीटनही कॅलिफोर्नियाला निघून गेले. क्लब टिकवला तो डॉ. अ‍ॅडम्स यांनी. येल आणि हार्वर्डमध्ये शिकलेला हा डॉक्टर स्थापनेनंतर महिनाभरात सभासद झाला आणि पुढे अनेकदा अध्यक्ष झाला. ते सांगतात की कित्येकदा मी होबोकेनला जायचो आणि तिथे दोन-तीनच जण आलेले असायचे. मग जितके असतील तितक्यांत मुलांचा एखादा साधा चेंडूफळीचा खेळ खेळून परत यायचं, आणि पुढच्या वेळी या म्हणून सभासदांच्या विनवण्या करायच्या. क्रीडासंस्था चालवलेल्या कोणालाही हे दुखणं सांगावं लागणार नाही.

चेंडूही तेच बनवत. शहरभर फिरूनही कोणी कारागीर तयार होईना. शेवटी एका स्कॉटिश खोगीर बनवणाऱ्याने चाबकासाठी वापरतात ते घोड्याचं कातडं चेंडूवर कसं चढवायचं ते दाखवलं. आत तीन-चार औंस रबराचे तुकडे, त्यावर लोकरीचा धागा गुंडाळायचा आणि वरून कातडं शिवायचं. स्वतःच्या क्लबासाठीच नव्हे, इतर क्लबांसाठीही त्यांनी चेंडू बनवले. सुरुवातीचा चेंडू इतका हलका होता की दूरच्या क्षेत्ररक्षकाला तो थेट पिचरपर्यंत फेकता येत नसे. म्हणून १८४९-५० च्या सुमारास अ‍ॅडम्स मधे उभे राहू लागले, चेंडू घेऊन पुढे द्यायला. शॉर्टस्टॉप ही जागा अशी निर्माण झाली. चेंडू सुधारल्यावर तीच जागा पुढे सरकून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे आली.

आणि मग १८५७. तोवर न्यूयॉर्क-ब्रुकलिन परिसरात गॉथम, ईगल, एम्पायर, एक्सेलसियर, अटलांटिक, एकफर्ड असे कितीतरी क्लब झाले होते. निकरबॉकरने सगळ्यांना परिषदेला बोलावलं. अ‍ॅडम्स अध्यक्षस्थानी होते. ९० फूट अंतर, नऊ खेळाडू आणि नऊ डाव या परिषदेत ठरले. खुद्द निकरबॉकरमधल्या बऱ्याच जणांचा कल सात डावांकडे होता. नऊसाठी त्यांच्यातल्याच लुई वॉड्सवर्थ यांनी जोर लावला. अ‍ॅडम्स यांच्या हस्ताक्षरातला नियमांचा तो मसुदा २०१६ मध्ये लिलावात ३२ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

डबलडे प्रकरण थोडक्यात उरकतो. १९०५ मध्ये खेळाचं मूळ शोधायला एक आयोग नेमला गेला. खेळ अस्सल अमेरिकनच आहे हे सिद्ध व्हावं, अशी काही मातब्बरांची इच्छा होती. एका वृद्धाच्या पत्रावरून आयोगाने ठरवलं की डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात खेळ शोधला. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि १८९३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी असा दावा कधी केला नाही. कूपर्सटाउनचं बेसबॉल संग्रहालय मात्र याच कथेमुळे तिथे उभं राहिलं.

क्लबच्या शेवटाबद्दलही सांगायला हवं, कारण हौशीपणाच त्याच्या आड आला. १८६९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना उघड मान्यता मिळाली. १८७१ मध्ये व्यावसायिकांनी स्वतःची संघटना काढली. निकरबॉकरसारख्या क्लबांनी हौशींची वेगळी संघटना उभारून पाहिली, ती काही वर्षांतच विरली. १८८२ मध्ये क्लब बंद झाला. जेम्स व्हाइट डेव्हिस नावाचे सभासद १८५० पासून त्यात होते. मला खेळाच्या पोशाखात आणि क्लबच्या मूळ झेंड्यात गुंडाळून पुरा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. १८९९ मध्ये ते गेले. थडग्यावर दगड बसायला २०१६ उजाडलं. क्लबच्या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

शेवटी श्रेयाचा प्रश्न. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या नामवंतांच्या दालनात) कार्टराइट १९३८ पासून आहेत. त्यांच्या नातवाने त्यासाठी बराच पत्रव्यवहार केला होता. फलकावर ९० फूट, नऊ खेळाडू, नऊ डाव हे तिन्ही दावे आजही कोरलेले आहेत. हे निर्णय झाले तेव्हा कार्टराइट हवाईत होते. अ‍ॅडम्स यांचं नाव डिसेंबर २०१५ मध्ये मतदानाला आलं, तेव्हा १६ पैकी १० मतं पडली. १२ हवी होती. त्यांचं नाव पुन्हा यावं आणि ते निवडून यावेत, असं मला मनापासून वाटतं. तोवर कोणी परीक्षेत किंवा प्रश्नमंजूषेत “९० फूट कोणी ठरवले?” असं विचारलं, तर उत्तर १८५७ ची परिषद आणि डॉ. अ‍ॅडम्स असं द्या, आणि समोरच्याने कार्टराइट म्हटलं तर १८४५ च्या नियमांतलं चौथं कलम, ४२ पावलांचं, त्याला दाखवा.